सॉइल प्रोफाइल किट: शिरोळच्या रानात पास, सड्यावरच्या खाणीत काठावर

शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या पेटीत जो 'सॉइल प्रोफाइल किट' मिळतो, त्यात बनावट कुणाचीही असो, सामान साधारण तेच असतं. तुकडे जोडून लांब करायचा ऑगर (मातीत भोक पाडायचा गिरमिट), भूगर्भवाल्यांचा हातोडा, सुरी, दहापट भिंग, टेप, आम्लाची बाटली, सामूच्या पट्ट्या, एक चाळणी, छापील फॉर्मचं पॅड आणि सगळ्यात महाग म्हणजे मातीच्या रंगांचं पुस्तक. ही पेटी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात नेली तर पैसे वसूल. तीच राधानगरी, चंदगड किंवा शाहूवाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, बॉक्साइटच्या खाणीत उघडली, की निम्मं सामान तसंच परत येतं आणि जे हवं असतं ते पेटीत नसतं. इथे पारख केलीय ती सड्यासाठी.

खाणीवर मातीचा छेद, म्हणजे वरपासून तळापर्यंतचे थर, कुणी हौसेनं लिहीत नाही. खनिज संरक्षण व विकास नियम, २०१७ प्रमाणे वरची माती वेगळी काढायची, लगेच वापरता येत नसेल तर वेगळी साठवायची आणि काम संपलेली जागा पूर्ववत करताना ती पसरायची. त्यामुळे प्रश्न एकच असतो: हेक्टरी माती किती निघेल? ३० सेंटिमीटर खोली धरली तर कागदावर ३,००० घनमीटर होतात. त्यातले खडे-धोंडे वजा केले की खरी माती १,६०० घनमीटरवर येऊ शकते. ते कसं, त्याचा हिशेब पुढे आहे. किटची किंमत ठरते ती हा दुसरा आकडा काढायला किती मदत होते यावर. त्या कसोटीवर तयार संच काठावर पास होतो, तोही रंगाच्या पुस्तकामुळे.

आधी जागा कशी असते ते बघू, म्हणजे सामानाचे गुणदोष कळतील. दुर्गमानवाड, कासारसडा या बाजूच्या सड्यांचा ढोबळ छेद असा: वर गवताच्या मुळांनी धरलेली तांबूस-तपकिरी माती, तिच्यात हरभऱ्यापासून बोराएवढे लोहाचे गोळे. खाली जांभ्याचं कवच आणि त्यातच कुठे बॉक्साइट. त्याखाली शेडू, पांढऱ्या-जांभळ्या चट्ट्यांचा, बोटानं दाबला जाणारा. मग मुरूम आणि तळाला काळा दगड. माती सलग नसते. एका पावलावर उघडा जांभा, पुढच्या पावलावर खळग्यात गुडघाभर माती. पेटी बांधणाऱ्यानं हे कधी पाहिलेलं नसावं, असं पहिलं सामान बाहेर काढताच वाटतं.

पहिलं सामान म्हणजे ऑगर. सड्यावर तो घेऊन जाऊ नका. १०-१५ सेंटिमीटरवर एखादा गोटा लागतो, ऑगर अडतो आणि फॉर्मवर 'खडक: १५ सेंमी' असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात तो एकटा धोंडा असतो आणि त्याच्या बाजूला माती ५० सेंटिमीटर खाली गेलेली असते. अशा दहा नोंदींची सरासरी काढली की आख्ख्या सड्याची माती कागदावरच नाहीशी होते. त्याऐवजी १२ मिलिमीटरची, टोक काढलेली पोलादी सळई घ्या. एका खुंटीभोवती दोन मीटरच्या आत दहा ठिकाणी ठोका आणि दहाही खोल्या लिहा. सळई धोंड्यावर अडली तर बहुतेक वेळा शेजारी हातभर सरकून ती खाली जाते. कवचावर अडली तर कुठेही सरका, त्याच खोलीला ठण्ण वाजते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये अशी सळई टोकाला पाणी देऊन मिळते आणि ऑगरच्या पैशात अशा कितीतरी होतील.

हातोडा चांगला असतो, पण प्रकार बघून घ्या. एका बाजूला चपटी छन्नी असलेला हातोडा थरांच्या खडकासाठी. जांभा आणि बेसॉल्टला टोकदार चोचीचा लागतो. एस्टविंगसारखा दांडा-डोकं एकाच पोलादी तुकड्याचा २२ औंसांचा, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपासचा, पुरतो. सुतारी हातोड्यानं दगड फोडू नये आणि हातोड्यावर हातोडा तर कधीच मारू नये. कडक पोलादाची कपची उडते ती डोळ्याकडेच. चष्मा पेटीत नसतो. तो पहिल्यांदा घ्या. खोदायला मात्र हातोडा नव्हे, पहार आणि टिकाव. पहारीशिवाय खाणीवरचा एकही छेद पुरा होत नाही, आणि पहार कुठल्याच किटमध्ये नाही.

सुरीबद्दल फार लिहायला नको. बोथट आणि जाड पात्याची असावी. धारदार सुरी मातीचे थर चोपून गुळगुळीत करते आणि ढेकळांची घडण दिसत नाही. कापायचं नाही, उचकटायचं असतं.

खाणीत एक सोय असते: पोकलेननं कापलेली उभी बाजू तयारच मिळते, खड्डा खणावा लागत नाही. ती सोय फसवी आहे. बकेटच्या दातांनी वरची माती खालच्या थरावर लिंपलेली असते, त्यावर डंपरच्या रस्त्याची लाल धूळ बसते आणि सगळा छेद एकाच रंगाचा दिसतो. निदान ३०-४० सेंटिमीटर आत, मीटरभर रुंद, वरून खाली साफ करत जायचं. खालून सुरुवात केली तर वरची माती साफ केलेल्या भागावर ओघळते. आणि उभं राहण्याआधी वर बघा. जांभ्याच्या कवचाखालचा शेडू पावसानं धुपलेला असेल तर कवच छज्ज्यासारखं पुढे आलेलं असतं. त्याच्याखाली टेप धरून उभं राहणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. खाण व्यवस्थापकाची परवानगी, हेल्मेट, बूट, चमकीचं जॅकेट आणि सुरुंगाची वेळ विचारून घेणं, हे न सांगताही कळावं.

आता रंगाचं पुस्तक. मन्सेलच्या मूळ पुस्तकाची किंमत पाच आकडी असते आणि तेवढी देणं योग्य आहे. झेरॉक्स किंवा प्रिंटरवर काढलेल्या नकला स्वस्तात मिळतात. त्यांचा लाल रंग शाईप्रमाणे बदलतो, आणि आपल्याला तर लालच वाचायचा आहे. काही संचांत मोजकीच पानं देतात, म्हणून घेण्याआधी पानं मोजा: १० आर, २.५ वायआर, ५ वायआर, ७.५ वायआर आणि १० वायआर (आर म्हणजे लाल, वायआर म्हणजे पिवळा-लाल). काळ्या रानाला शेवटचं पान पुरतं, सड्याला पहिली तीन नसतील तर पुस्तक निकामी. प्रत्येक पानावर वरून खाली उजेड कमी होत जातो आणि डावीकडून उजवीकडे रंगाचा जोर वाढतो. २.५ वायआर ३/६ (उजेड ३, जोर ६) म्हणजे गडद लाल, ५ वायआर ४/६ म्हणजे पिवळसर लाल. सड्यावरच्या नोंदी बऱ्याचदा याच घरांच्या आसपास फिरतात.

वाचण्याची रीत किटच्या पत्रकात अर्ध्या ओळीत उरकलेली असते, म्हणून इथे. ढेकूळ फोडून आतली ताजी बाजू घ्यायची. फवाऱ्यानं ओली करायची, पाण्याची चमक जाईपर्यंत थांबायचं, मग रंगाच्या चौकोनाखालच्या भोकामागे धरायचं. पुस्तकाला माती लावायची नाही. जांभ्याची माती एकदा लागली की चौकोनावर डाग राहतो आणि पुढची प्रत्येक नोंद एक घर लालच येते. ऊन पाठीमागून घ्यायचं, गॉगल काढायचा, सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर वाचायचं नाही कारण तो उजेडच तांबडा असतो. ओला आणि सुका असे दोन्ही रंग लिहायचे. सुकल्यावर तीच माती एक-दोन घरं उजळ दिसते. लोहाचे गोळे वेगळे काढून त्यांचा रंग वेगळा लिहायचा. ते मातीत चिरडून एकत्र वाचलं तर गोळ्याची लाली बाकी सगळं झाकून टाकते. शेडूला तर एक रंग नसतोच. पांढरा किती टक्के, जांभळा किती, चट्टे किती मिलिमीटरचे, असं तुकड्यानं लिहावं लागतं. मोबाइलच्या फोटोवरून रंग ओळखायचा विचार सोडून द्या. कॅमेरा स्वतःच्या मनानं पांढरा रंग ठरवतो.

फॉर्मचं पॅड हा संचातला सगळ्यात कमकुवत भाग. त्यात खड्यांसाठी एकच चौकट असते: 'आहेत / नाहीत'. सड्यावर ही चौकट म्हणजे समुद्रावर जाऊन 'पाणी आहे' असं लिहिण्यासारखं. हवं ते असं: आकार, आकारमानानं टक्के, घडण, झिजलेले की ताजे, एकमेकांना चिकटलेले की सुटे. अमेरिकी पद्धतीत २ ते ७५ मिलिमीटर खडे, ७५ ते २५० गोटे, २५० ते ६०० धोंडे आणि त्यापुढे शिळा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पद्धतीत ६०, २०० आणि ६०० वर रेघा पडतात. कुठलीही वापरा, पण फॉर्मच्या डोक्यावर लिहा. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की पुढच्या माणसाला काहीच कळत नाही.

चाळणीकडे येऊ. कोल्हापूरला इथे एक फायदा आहे जो बऱ्याच गावांना नाही: फौंड्रीमुळे चाळण्यांचा इथे तुटवडा नाही. पण फौंड्रीच्या वाळूचा नेहमीचा संच तसाच उचलू नका. त्यात ३.३५ मिलिमीटरनंतर थेट १.७० ची चाळणी येते, मधली २ मिलिमीटरची नसते. मातीशास्त्रात बारीक माती आणि खडे यांची सीमा बरोबर २ मिलिमीटर आहे. गोळ्यांनी भरलेल्या जांभ्याच्या मातीत या तीन दशांशांच्या फरकात बरंच वजन अडकतं. चाळण्यांच्या भारतीय मानकाची, म्हणजे आयएस ४६० ची, २.०० मिलिमीटर अशी स्वतंत्र मागा. शंका असेल तर २ मिलिमीटरच्या ड्रिलचा दांडा जाळीत घालून बघा; तो जेमतेम शिरला पाहिजे, खुळखुळला तर जाळी मोठी आहे.

चाळण्याआधी ढेकळं फोडायची ती लाकडी लाटण्यानं. हातोड्यानं फोडलं तर लोहाचे गोळेही फुटतात आणि जी बारीक माती नव्हतीच ती तयार होते. अर्धवट घट्ट गोळा माती धरायचा की दगड, असा वाद नेहमी होतो. रात्रभर पाण्यात टाका. विरघळून पसरला तर माती, तसाच राहिला तर दगड. नमुना किती घ्यायचा हेही पेटीत कुणी सांगत नाही. सोबत दिलेली पिशवी एक किलोची असते. भारतीय मानक २७२०, भाग ४ मध्ये मातीतला सगळ्यात मोठा दाणा १९ मिलिमीटरचा असेल तर साडेसहा किलो, ४० चा असेल तर २५ किलो आणि ७५ चा असेल तर ६० किलो नमुना सांगितला आहे. एक किलोत एक मोठा खडा आला की टक्केवारी कुठल्या कुठे जाते. म्हणून चाळायचं आणि तोलायचं जाग्यावरच. लक्ष्मीपुरीत मिळणारा ५० किलोचा लटकता काटा पुरतो; पाच लिटर पाण्याचा कॅन टांगून तो आधी तपासून घ्या.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो आकडा. वजनाचे टक्के आणि आकारमानाचे टक्के एक नव्हेत, आणि वर्गवारी आकारमानावर चालते. वजनानं ६० टक्के खडे असलेली माती घ्या. खड्याची घनता २.६ आणि बारीक मातीची १.२ धरली तर आकारमानानं खडे साधारण ४१ टक्केच भरतात. अमेरिकी वर्गवारीत ३५ ते ६० टक्के हा एक वर्ग आणि ६० ते ९० हा पुढचा. वजनाचा आकडा थेट लिहिला तर नोंद एक वर्ग वर सरकते आणि बरी माती वाया गेल्यासारखी दिसते.

घनता मोजायची नेहमीची नळी खडकाळ जागेत आत जातच नाही, गेली तर खडा ढकलत जाते. इथे प्लॅस्टिकचा कागद आणि पाणी कामाला येतं. मोठे धोंडे नसलेली जागा बघून २० बाय २० सेंटिमीटर, १५ खोल असा खड्डा करा आणि निघालेला प्रत्येक कण बादलीत ठेवा. खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक अंथरा, मापानं पाणी ओतून काठोकाठ भरा. समजा ६ लिटर मावलं. बादलीतलं सुकं वजन १०.२ किलो, त्यातले २ मिलिमीटरवरचे खडे ५.२ किलो. हे खडे भरलेल्या भांड्यात बुडवले तर २ लिटर पाणी सांडलं. म्हणजे बारीक माती ५ किलो, तिची जागा ४ लिटर, घनता १.२५ आणि खडे आकारमानानं ३३ टक्के. जांभ्याचे खडे सच्छिद्र असतात, ते आधी रात्रभर भिजवून, पुसून मग बुडवायचे; कोरडे टाकले तर पाणी पितात आणि माप कमी येतं. ओलावा वजा करण्यासाठी दोनशे ग्रॅम नमुना १०५ अंशांवर २४ तास सुकवावा. तव्यावर भाजून सुकवण्याचा शॉर्टकट बॉक्साइटच्या जागेत विशेष महाग पडतो, कारण अडीचशे अंशांच्या आसपास बॉक्साइटमधल्या गिब्साइट या खनिजात बांधलेलं पाणीही सुटायला लागतं आणि वजन खोटं उतरतं.

मोठे धोंडे चाळणीत येत नाहीत, ते छेदाच्या उभ्या बाजूवर मोजायचे. सुताराकडून मीटरभर लाकडी चौकट करून घ्या, आडवे-उभे दहा-दहा नायलॉन दोरे बांधा. शंभर गाठी होतात. जितक्या गाठी धोंड्यावर पडतील तितके टक्के. नुसत्या नजरेनं अंदाज करू नये, डोळा मोठ्या धोंड्यावर अडकतो. समजा २० गाठी आल्या. इथे बहुतेक जण २० आणि ३३ ची बेरीज करून ५३ टक्के दगड लिहितात. चूक. ते ३३ टक्के धोंडे सोडून उरलेल्या ८० टक्क्यांतले आहेत. ०.८० गुणिले ०.६७ म्हणजे जवळपास ५४ टक्के माती, हेक्टरी ३० सेंटिमीटरला १,६०० घनमीटर. बेरजेनं काढली असती तर १,४१० आली असती. दहा घनमीटरचा डंपर धरला तर एकोणीस-वीस फेऱ्यांचा फरक. काटा, चौकट, प्लॅस्टिक, मापाचं भांडं, यातलं काहीही पेटीत नाही.

पोत हाताला कळतो, त्याला सामान लागत नाही, पण सड्यावर हात फसतो. जांभ्याच्या मातीतले चिकणमातीचे कण लोहानं बांधून बारीक रव्यासारखे झालेले असतात. अर्धं मिनिट मळलं की पोयटा वाटते. तीच माती थेंब-थेंब पाणी घालत दोन-तीन मिनिटं मळली की रवा मोडतो आणि अंगठ्याखालून पट्टी लांब निघायला लागते. दोन्ही नोंदी लिहा, मिनिटांसकट.

आम्लाची बाटली सड्यावर ओझं आहे. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून फेस बघायचा तो चुन्यासाठी, आणि पश्चिमेच्या धो-धो पावसात चुना केव्हाच धुऊन गेलेला असतो. शिरोळच्या चुनखडीच्या मातीत मात्र हीच बाटली हुकमी. सामूच्या पट्ट्या ढोबळ कामाला ठीक. लाल गढूळ पाण्यात पट्टीचा रंगच दिसत नाही, म्हणून माती निवळू द्या आणि वरचं पाणी घ्या.

भिंग किटमधलं बरं असतं, पण हरवलं तर गुजरीत सराफी कामाचं दहापट भिंग मिळतं, काच तितकीच स्वच्छ. टेप चकचकीत पोलादी असेल तर फोटोत नुसती चमक येते. दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग दिलेली लाकडी पट्टी उजवी. फोटो पूर्ण उन्हात किंवा पूर्ण सावलीत काढा, अर्ध्या-अर्ध्यात नको. प्रत्येक थराचं एक-एक ढेकूळ नट-बोल्ट ठेवायच्या कप्प्यांच्या डब्यात वरून खाली क्रमानं ठेवलं की संध्याकाळी टेबलावर छेद पुन्हा बघता येतो. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून पिशवीत, दुसरी बाहेर. किटमधल्या मार्करची शाई ओल्या पिशवीवर दोन दिवसांत उडते.

थरांना अमेरिकी पद्धतीची इंग्रजी अक्षरांची नावं देताना दोन ठिकाणी गफलत होते. फावड्यानं कष्टानं का होईना खणता येतो तो मुरूम 'सीआर', फावडं हरतं तो काळा दगड 'आर'. जांभ्याचं कवच फावड्याला हरवतं म्हणून सर्रास 'आर' लिहितात. ते मूळ खडक नव्हे, मातीतच लोहानं घट्ट झालेला थर आहे, त्याला 'बीएसएम' लिहावं. दुसरी गफलत मुरमात. बेसॉल्ट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं झिजतो आणि मध्ये टणक गोळा राहतो. त्या गोळ्यावर पहार वाजली म्हणून तळ लागला असं समजू नका. बाजूनं अजून हातभर खणा.

घ्यायचं कसं? दुकानदार अडला नाही तर सुटं घ्या: रंगाचं पुस्तक, चोचीचा हातोडा, २.०० ची चाळणी. बाकीचं लक्ष्मीपुरी, उद्यमनगर आणि सुताराकडे एका दिवसात होतं. पेटीच घ्यावी लागली तर ऑगर आणि आम्ल बाहेर काढा, त्या जागेत पाण्याचा फवारा, प्लॅस्टिकचा कागद आणि लाटणं बरोबर बसतं. काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठेवा. पावसाळ्यात खड्डा भरतो, मे महिन्यात पहारही उडते. आणि खड्डा बुजवताना माती जशी निघाली त्याच्या उलट क्रमानं घाला: आधी मुरूम, शेवटी गवताची ढेपळं, मुळं खाली करून.